कुत्र्याचे कूळ आणि कुत्र्याचा स्वभाव

कुत्रा हा मनुष्याचा सर्वांत जुना सोबती होय. गाय, बैल, घोडा हे सारे त्याच्या मागाहून दाराशी आले. इतक्या दीर्घ सहवासानंतर ह्या प्राण्याचा स्वभाव मनुष्यास पुरता उमगला असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे झालेले दिसत नाही. २०२२ च्या जुलै महिन्यात लखनौ शहरी घरात पाळलेल्या कुत्र्यानेच त्या घरातील एका वृद्ध स्त्रीचा प्राण घेतला. तो कुत्रा पिट बुल नावाच्या विलायती जातीचा होता. ही वार्ता देशभर पसरली आणि घरोघर वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, ही जातच मुळी घातकी. दुसरा पक्ष म्हणे, जात कोणतीच वाईट नसते, वाईट असतो तो पाळणारा. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने पिट बुलसह २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी असे पत्र सर्व राज्यांस धाडले, तेव्हा हाच वाद पुन्हा नव्याने पेटला.

पहिल्या पक्षाच्या तोंडी ‘खाण तशी माती’ ही म्हण असते. दुसऱ्याचा सारा भरवसा वळणावर असतो. दोहोंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही मधलाच प्रश्न विसरतात. पूर्वजांकडून मनुष्याने जे काम करवून घेतले, त्याचा ठसा वंशजाच्या स्वभावावर नेमका कोणत्या जागी उमटतो, आणि कोणत्या कारणाने तो पुसट होतो, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यास प्रथमच विलायतेस जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील एखाद्या माळावर उभे राहून चार कुत्रे लक्षपूर्वक न्याहाळले, तरी अर्धे उत्तर तेथेच हाती लागते.

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेच्या अंगाने मांजरा जाते, आणि दोहोंच्या मध्ये बालाघाटाचे पठार पसरलेले आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार ह्या बाजूस पाऊस थोडा, जमीन हलकी आणि माळ विस्तीर्ण. अशा मुलखात मेंढरू, बैल आणि कुत्रा ह्यांच्यावाचून संसार चालत नाही. येथे कुत्र्यांचे तीन प्रकार सहज ओळखू येतात. एक गावठी, दुसरा धनगराच्या वाड्यावरचा आणि तिसरा कारवानी. तिघांचेही अन्न बहुधा एकच, ते म्हणजे भाकरी; तिघांचे ऊनपाऊसही एकच. तरीही तिघांचे स्वभाव तीन दिशांना तोंड करून बसलेले आहेत.

गावठी कुत्र्याची निवड कोणी केलेली नाही. त्याची निवड गावानेच, परंतु नकळत केली. जो फार धीट आणि अंगावर येणारा, तो काठीखाली संपला. जो फार भित्रा, तो उपाशी राहिला. मधला तेवढा टिकला. म्हणून गावठी कुत्रा लांबून भुंकतो, दोन पावले पुढे येतो, एक पाऊल मागे जातो, आणि समोरच्याचा रागरंग पाहून आपले धोरण ठरवतो. त्याच्या दातापूर्वी त्याचा आवाज येतो. चावण्याआधी इशारा देणे हा जो श्वानजातीचा सर्वसाधारण शिष्टाचार आहे, तो त्याच्यात शाबूत राहिलेला आहे.

धनगराच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. तो वाड्यावरच जन्मतो आणि त्याचे डोळे उघडतात ते कोकरांच्या गर्दीत. रात्री मेंढरे वाघरीच्या जाळ्यात कोंडली म्हणजे तो बाहेर बसतो. माळावर लांडगा आजही आहे, आणि बिबट्याचे भयही नवे नाही; २०२० च्या हिवाळ्यात आष्टीच्या बाजूस एका बिबट्याने माणसांचेही बळी घेतले होते. अशा वेळी हा कुत्रा भुंकून सावध करतो, प्रसंगी तुटून पडतो; परंतु शत्रू पळाला म्हणजे मैलभर त्याचा पाठलाग न करता कळपाकडे परततो. जो पाठलागाच्या भरात कळप उघडा टाकून गेला, तो धनगराच्या कामाचा नव्हे. ज्याने कोकराला दात लावला, तो तर मुळीच नव्हे. अशांची पिल्ले वाड्यावर वाढली नाहीत. धाव आणि माघार ह्यांचे हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा निवडीतून ठरले.

तिसरा कारवानी. ह्याच्या नावातच त्याचा इतिहास सांगितला जातो. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमध्ये धान्य, मीठ आणि सैन्याची रसद लमाणांच्या तांड्यांतून, हजारो बैलांच्या पाठीवरून फिरे. सतराव्या शतकात ह्या देशी आलेल्या ताव्हेर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने अशा तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. अशा कारवानांबरोबर हिंडणारा तो कारवानी, अशी ह्या नावाची परंपरा आहे. मराठवाडा, दक्षिण महाराष्ट्र आणि त्यास लागून असलेला कर्नाटकाचा भाग हे त्याचे घर. निमुळते तोंड, खोल छाती, पाठीस लागलेले पोट आणि लांब सडसडीत पाय ही त्याची ठेवण. कानाशेपटीवर रेशमी केस असले म्हणजे त्यास पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ह्या कुळाची निगा राखली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज ह्यांस त्याची जोडी नजर केली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तेथपासून त्यास मुधोळ हाउंड हेही नाव मिळाले. २००५ साली आपल्या टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि २०१६ साली त्याची पिल्ले शिक्षणासाठी सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात गेली.

ह्या कारवान्याचा स्वभाव पाहण्याजोगा आहे. घरात तो इतका मुकाट असतो की आहे की नाही हे कळू नये. पोरांनी त्याच्याजवळ दंगा केला तर तो उठून कोपऱ्यात जाऊन बसतो. परक्याने अंगावरून हात फिरवलेला त्यास रुचत नाही. तो चावेलच असे नाही, पण अंग चोरून घेईल. मात्र माळावर दूर काही पळताना दिसो, त्याच क्षणी हा मुकाट प्राणी बाणासारखा सुटतो, आणि मग धन्याची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. वासावर नव्हे, दृष्टीवर चालणारा हा शिकारी. पूर्वी त्याच्या पूर्वजांनी सशाहरणांमागे असेच धावावे, ही धन्याची इच्छा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पारध बंद झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु कायद्याने पारध थांबली तरी रक्तातील धाव थांबलेली नाही. आज हाच कुत्रा शहरातल्या बंगल्यात आला म्हणजे मांजर, बकरीचे करडू, फार काय वेगाने जाणारी दुचाकीदेखील त्याच्या पायांत तेच वारे भरते.

त्याला हे कोणी शिकवले? कोणीच नाही. पिल्लू तीन-चार महिन्यांचे झाले की हलत्या चिंधीमागे ते आपोआप धावू लागते. कारण सांगण्यास सोपे आहे. ज्या कुत्रीने ससा दिसताच मागे वळून धन्याकडे पाहिले, तिची पिल्ले कोणी मागून नेली नाहीत. जी पाहताक्षणी सुटली, तिच्या पिल्लांसाठी दहा कोसांवरून माणसे आली. ह्या निवडीस वही नव्हती, शिक्का नव्हता. पण शंभर पिढ्या ती एकाच दिशेने चालली. म्हणजे कुळाने जे दिले ते ‘चांगुलपणा’ वा ‘वाईटपणा’ नव्हे. एका ठरावीक प्रसंगी ठरावीक तऱ्हेने पेटून उठण्याची तयारी कुळाने दिली. ती ठिणगी कशाने पडते, किती लवकर पडते आणि पडल्यावर विझते की नाही, एवढेच कूळ सांगते.

हे नुसते अनुमान नव्हे. त्यास प्रयोगाचा आधार आहे. रशियात नोवोसिबिर्स्क येथे १९५९ साली दिमित्री बेल्याएव ह्या शास्त्रज्ञाने रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग आरंभला, आणि ल्युदमिला त्रूत ह्या विदुषीने तो त्याच्यामागे चालू ठेवला. पिंजऱ्याशी हात नेला असता जे कोल्हे कमी बुजतात व कमी गुरगुरतात, तेवढेच निवडून त्यांची पैदास करावयाची, हा त्यातील एकमेव नियम. थोड्याच पिढ्यांत शेपटी हलवणारी, माणसाच्या सहवासासाठी कुंईकुंई करणारी पिल्ले जन्मास आली. शेजारीच दुसरी शाखा उग्रपणासाठी निवडून वाढवली. तिची पिल्ले पिंजऱ्याच्या गजांवर धावून येऊ लागली. पुढे एका शाखेचे गर्भ दुसऱ्या शाखेच्या मादीच्या उदरात वाढवून पाहिले, तरी पिल्ले आपल्या मूळ रक्तावरच गेली. येथवर पाहता ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्या पक्षाची सरशी झाली असे कोणासही वाटेल. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या प्रयोगात निवड प्रत्येक पिढीस झाली, एकाच गुणासाठी झाली आणि अत्यंत कठोरपणे झाली. निवडीचा हात सैल पडला किंवा दिशा बदलली, तर काय होते हे पुढे पाहावयाचे आहे.

हीच मोजपट्टी हाती घेऊन आता पिट बुलच्या घराण्याकडे वळावे. पिट म्हणजे खड्डा किंवा रिंगण, आणि बुल म्हणजे बैल. दोन शब्दांत त्या घराण्याचे दोन कालखंड सामावले आहेत. इंग्लंडात पूर्वी बैलास खुंट्याशी बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ चाले. बैलाच्या नाकास धरून लोंबकळणारा आणि काही केल्या न सोडणारा कुत्रा श्रेष्ठ मानला जाई. १८३५ साली पार्लमेंटाने कायदा करून हा खेळ बंद केला. आपल्याकडे हेल्यांच्या आणि एडक्यांच्या टकरी किंवा कोंबड्यांच्या झुंजी ज्यांनी ऐकल्यापाहिल्या आहेत, त्यांस हे ठाऊकच असेल की बंदीने षौक मरत नाही, तो आडोशाला जातो. बैल तळघरात लपवता येत नाही, कुत्रे येतात. म्हणून बैलावर सोडावयाच्या बळकट कुत्र्याचा आणि उंदीर-घुशी मारणाऱ्या चपळ टेरियर कुत्र्याचा संकर करण्यात आला, आणि कुत्र्याशी कुत्रा झुंजवण्यासाठी एक नवे कूळ निपजले.

ह्या झुंजींचे नियम पाहिले म्हणजे निवड कशाची होत होती हे स्वच्छ दिसते. रिंगणात दोन रेघा ओढलेल्या असत. झुंज थांबवून कुत्रे आपापल्या कोपऱ्यात नेले, की पाळीप्रमाणे एकास सोडावयाचे. रक्तबंबाळ झाला असताही जो आपण होऊन रेघ ओलांडून पुन्हा प्रतिपक्ष्यावर जाई, तो खरा. जो थबकला, तो हरला. म्हणजे नुसते बळ किंवा नुसता राग येथे पुरेसा नव्हता. वेदना होत असतानाही माघार न घेणे, ह्या एका गुणावर बक्षीस होते. पिट बुलच्या जबड्यास कुलूप असते अशी जी समजूत आहे, ती भाबडी आहे. त्याचा जबडा इतर कुत्र्यांसारखाच उघडतो आणि मिटतो. धरलेले न सोडण्याचे कारण हाडांत शोधू नये, ते त्याच्या मनात आहे.

अशा निवडीतून तीन खुणा त्या कुळात पडल्या. दुसरा कुत्रा समोर दिसताच लवकर पेटणे, ही पहिली. एकदा भिडल्यावर न थांबणे, ही दुसरी. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. गावठी कुत्रा चावण्यापूर्वी जी गुरगुर करतो, केस उभारतो, दात दाखवतो, त्या साऱ्या इशाऱ्यांचा हेतू झुंज टाळणे हा असतो. जेथे झुंज टळणे म्हणजेच हार, तेथे ह्या इशाऱ्यांना किंमत उरली नाही, आणि झुंजीसाठी वाढवलेल्या कित्येक कुळांतून ते कमी होत गेले. उलट पक्षी, रिंगणात दोन्ही कुत्र्यांचे मालक जवळ उभे राहून त्यांस हाताने वेगळे करीत. म्हणून माणसास चावणारा कुत्रा नकोसा होई, असे ह्या जातीचे अभिमानी सांगतात. त्यात काही तथ्य आहे. तथापि झुंज जिंकून देणारा कुत्रा चावरा निघाला तरी त्याची पिल्ले लोभाने वाढवली गेली नसतील, असे कोण म्हणेल? मनुष्याच्या निवडीत मनुष्याचा लोभही सामील असतोच.

येथपर्यंतचा इतिहास एकसुरी आहे, पुढचा नाही. हे कुत्रे इंग्लंड-आयर्लंडातील लोकांबरोबर अमेरिकेस गेले. तेथे १८९८ साली चॉन्सी बेनेट ह्या गृहस्थाने स्थापिलेल्या युनायटेड केनेल क्लबने त्यांची अमेरिकन पिट बुल टेरियर ह्या नावाने नोंद केली. इंग्लंडात १९३५ साली स्टॅफर्डशायर बुल टेरियर ह्या नावाने ह्याच गोत्रातील एका जातीस मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी, १९३६ साली, अमेरिकन केनेल क्लबने आपली शाखा निराळी नोंदवली. अर्थात एका घराण्याच्या शाखा झाल्या. एका शाखेत प्रदर्शनासाठी रूप पाहिले गेले. दुसरीत शेतावर व घरी वागण्याजोगा शांतपणा पाहिला गेला. तिसरी चोरून चालणाऱ्या झुंजींसाठीच वाढत राहिली. आणि चौथी, अगदी अलीकडची, केवळ अंगाने अवाढव्य व दिसण्यास भयंकर व्हावी म्हणून वाढवली गेली. ह्या साऱ्यांस लोक एकाच नावाने ओळखतात. रुंद डोके आणि आखूड केस दिसले की ‘पिट बुल’ म्हणावयाचे, अशी रीत पडली आहे. वस्तुतः नुसत्या डोळ्यांनी केलेली ही पारख पुष्कळदा चुकते, हे रक्ताच्या परीक्षेवरून सिद्ध झालेले आहे.

निवडीची दिशा बदलली म्हणजे काय होते, ह्याचे उत्तर येथे मिळते. २०२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती त्यांच्या धन्यांकडून घेतली आणि त्यांपैकी २,१५५ कुत्र्यांच्या अनुवंशाची तपासणी केली. एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या वागणुकीत जो फरक आढळतो, त्यापैकी जातीच्या नावाने उलगडणारा भाग सरासरीने सुमारे ९ टक्केच निघाला. ह्याचा अर्थ अनुवंश खोटा असा मुळीच नव्हे. नाव हे कुळाचे फार ढोबळ माप आहे, असा त्याचा अर्थ. एकाच नावाखाली नाना शाखांचे, नाना हेतूंनी वाढवलेले कुत्रे आले, की नावावरून एकट्या कुत्र्याचे भविष्य सांगणे हे गावाच्या नावावरून माणसाचे शील सांगण्यासारखे होते.

ह्याहून बोलके उदाहरण २००७ चे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात एका नामांकित फुटबॉल खेळाडूच्या मळ्यावरून झुंजीचे सुमारे ५० पिट बुल सरकारने जप्त केले. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे असे सर्व कुत्रे मारून टाकले जात. ह्या खेपेस प्रत्येकाची पृथक् परीक्षा घेण्यात आली. थेट झुंजीच्या शाखेतले हे कुत्रे असताही त्यांपैकी बहुतेक सर्व जगवण्याजोगे ठरले. कित्येक भित्रे निघाले, कित्येक माणसाच्या मांडीवर डोके ठेवणारे निघाले; काहींस पुढे कुटुंबांत घर मिळाले, काहींस जन्मभर देखरेखीखाली आश्रमात ठेवावे लागले. झुंजीचे घराणे एकच असता प्रकृती इतक्या भिन्न निघाल्या, ही गोष्ट पहिल्या पक्षाने विसरता कामा नये.

मग दुसऱ्या पक्षाने स्वस्थ झोपावे काय? तेही नाही. शक्यता आणि परिणाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारवानी कुत्रा चुकला तर एखादे करडू जाईल. गावठी कुत्रा चुकला तर बहुधा पोटरीस दात लागून तो पळून जाईल. अंगात अफाट बळ, धरल्यावर न सोडण्याची वृत्ती आणि इशाऱ्याचा अभाव ही त्रयी ज्या कुत्र्यात एकवटली आहे, तो आयुष्यात एकदाच चुकला तरी ती चूक भरून निघत नाही. शंभर पिट बुलांतील नव्व्याण्णव सालस निघाले, ह्या गोष्टीने शंभराव्या घरातील मूल परत येत नाही. म्हणून ज्या कुळाची चूक महाग, त्या कुळाविषयी सावधगिरीही अधिक, हा व्यवहार आहे. त्यास पक्षपात म्हणता येत नाही. ह्याबरोबरच प्रमाणही सुटू देऊ नये. आपल्या देशात कुत्र्यामुळे होणारे बहुतेक मृत्यू जबड्याने होत नाहीत, ते रेबीज रोगाने होतात; आणि तो रोग जात पाहत नाही. कोणताही कुत्रा चावला तरी जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घेणे, हे विसरून जातींच्या वादात रमणे शहाणपणाचे नव्हे.

आता संगोपनाचा विचार. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर ह्या शास्त्रज्ञद्वयाने अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण केले व १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा ओळखीचा काळ होय. त्या काळात जे आपले म्हणून पाहिले, ते जन्मभर आपले वाटते. धनगराच्या वाड्यावर पिल्लू ह्याच आठवड्यांत कोकरांत लोळते, म्हणून मेंढरास ते आप्त समजते. हे शास्त्र धनगरास ग्रंथावाचून अवगत होते. पिट बुलचे पिल्लू मात्र पुष्कळदा ह्याच काळात आईपासून तोडून पिंजऱ्यात विक्रीस बसते, आणि पुढे ‘राखण करील’ म्हणून गच्चीवर वा फाटकाशी साखळीने बांधले जाते. माणसे, मुले, दुसरे कुत्रे ह्यांची ओळख ज्यास झालीच नाही, त्याच्या कुळाने दिलेल्या ठिणगीस वारा घालण्याचे काम ती साखळी करते.

परंतु ह्या साऱ्याहून मोठी उणीव निराळीच आहे. बीडच्या बाजारात लाल कंधारी किंवा देवणी बैल घेणारा शेतकरी दात मोजतो, खूर दाबतो आणि न विसरता विचारतो, मारका आहे काय, गायीचा स्वभाव कसा होता? कारवान्याचे पिल्लू नेणारा जाणता मनुष्य त्याच्या आईची धाव पाहतो आणि आजीची कीर्ती ऐकतो. शहरात विलायती पिल्लू घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास मात्र किंमत तेवढी ठाऊक असते. आई कोठे आहे, बाप कोणत्या शाखेचा, तो प्रदर्शनाचा की झुंजीचा, ह्यांपैकी काहीही तो विचारीत नाही, आणि विचारले तर विक्रेता सांगत नाही. ज्या इतिहासावर स्वभाव अवलंबून, तो इतिहासच अशा सौद्यात हरवतो. जातीचे नाव घरी येते. कूळ मागेच राहते.

कायदा ह्या बाबतीत काय करू शकतो? इंग्लंडाने १९९१ साली पिट बुल टेरियर पाळण्यास मनाई केली. पुढे अवाढव्य शाखेतून निघालेल्या एक्सएल बुली ह्या नव्या प्रकारासही फेब्रुवारी २०२४ पासून विनापरवाना पाळण्याची बंदी करावी लागली. म्हणजे एका नावास बंदी केली की लोभ दुसऱ्या नावाने निपज करतो. आपल्याकडील २०२४ चे पत्र एप्रिल महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरवले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते. तथापि प्राण्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या कायद्याने अपराध आहेच. आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने नोंदणी करणे, दप्तर ठेवणे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू न विकणे बंधनकारक आहे. हे नियम मनःपूर्वक पाळले गेले, तर हरवलेले कूळ पुष्कळ अंशी सापडेल.

बाकीचे काम गृहस्थाचे आहे. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आईस तिच्याच जागी जाऊन पाहावे. परक्यास व दुसऱ्या कुत्र्यास ती कशी सामोरी जाते ते पाहावे. जो विक्रेता आई दाखवीत नाही, त्याच्या दारातून रिकाम्या हाती परतावे. ज्या घरात तान्हे मूल किंवा अशक्त वृद्ध आहे आणि कुत्र्यास आवरू शकेल असे माणूस सदैव जवळ नाही, तेथे झुंजीच्या घराण्यातील बळकट कुत्रा आणू नये. कोणत्याही जातीच्या कुत्र्यापाशी लहान मुलास एकटे सोडू नये. कुत्रा गुरगुरला म्हणून त्यास मारू नये; ती गुरगुर म्हणजे त्याने दिलेली आगाऊ सूचना होय, आणि मारून मारून ती बंद केली, तर रिंगणवाल्यांनी शंभर वर्षांत जे केले तेच एका वर्षात घरी केल्यासारखे होईल. राखणच हवी असेल, तर आपल्या ऊनपावसाला सरावलेला, वेळेवर भुंकणारा गावठी कुत्रा लस टोचून प्रेमाने पाळावा. बहुतेक घरांची गरज तेवढ्याने भागते.

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडे’ असे लोक म्हणतात. शेपटाची गोष्ट तशी असेल. स्वभावाची तशी नाही. तो पूर्वी मनुष्यानेच वळवला, कधी कोकराच्या रक्षणाकडे, कधी सशाच्या पाठलागाकडे, कधी रिंगणातील रक्ताकडे. आणि पुढेही तोच वळवणार आहे. कोणत्या कुत्र्याची पिल्ले वाढवावयाची आणि कोणत्याची नाही, हे ठरवणारा हात अद्याप मनुष्याचाच आहे. म्हणून पिट बुलच्या दाराशी उभे राहून त्याच्या कुळास शिव्या देण्यापूर्वी ते कूळ कोणी घडवले ह्याची आठवण ठेवावी. आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवण्यापूर्वी ते कशासाठी घडवले होते ह्याचीही.